१० वाजून ५७ मिनिटं

लेक बारा वर्षांची असताना शाळेनं तिच्या वर्गाला कॅनविक हिलवर नेलं. इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या दक्षिणेला ही टेकडी. तिथे गंजाच्या रंगाच्या पोलादाचा एक मनोरा आहे आणि भोवतीनं तशाच पोलादी भिंती. मनोऱ्याची उंची १०२ फूट, म्हणजे लँकेस्टर बॉम्बर विमानाच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर. भिंतींमध्ये नावं कोरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडचं, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाचं, काम करताना मेलेल्या जवळजवळ ५८,००० माणसांची. येणारी माणसं अक्षरांच्या खाचेत पॉपीचं लाल कागदी फूल खोचून जातात, युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचं. बाईंनी मुलांना सांगितलं, एक नाव निवडा आणि त्या माणसाबद्दल जे सापडेल ते लिहून आणा.

लेकीनं निवडलेल्या नावात पॉपी नव्हती. बायर्स, व्ही. डब्ल्यू. एवढंच कारण होतं निवडीचं.

आम्ही साताऱ्याकडचे. नोकरीसाठी लिंकनला येऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. उत्तरेकडे जाणारा ए-१५ रस्ता स्कॅम्प्टनच्या विमानतळापाशी धनुष्यासारखा वाकतो, तिथून मी रोज कामाला जायची. धावपट्टी लांबवली तेव्हा रस्त्याला वळसा द्यावा लागला, एवढंच मला ठाऊक होतं. त्या विमानतळाशी आपलं काही नातं जडेल असं तेव्हा वाटण्याचं कारणच नव्हतं.

त्या रात्री लेक जेवता जेवता म्हणाली, "आई, हा धरणं फोडायला गेलेल्यांतला निघाला. पण धरणापर्यंत पोचलाच नाही. सगळ्यांत आधी हाच पडला. आणि त्याची कबर कुठेच नाही."

कबर कुठेच नाही, हे ऐकून मला माझी थोरली आजी आठवली. म्हणजे सख्ख्या आजीची मोठी जाऊ. तिचा नवरा मराठा पलटणीतून इटलीच्या लढाईवर गेला आणि परत आला नाही. गावात तार आली ती 'बेपत्ता' अशी. पुढे सरकारी पत्र आलं, थोडे पैसे आले, पण थोरल्या आजीनं कुंकू पुसलं नाही. "बेपत्ता म्हंजी मेला न्हवं," असं ती म्हणायची. भटजींनी बारा वर्षं थांबून पालाशविधी करायला सांगितला. पळसाच्या पानाकाड्यांचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. तिनं तोही करू दिला नाही. ती गेल्यानंतर माझे वडील सर्वपित्री अमावस्येला त्यांचं पान वाढू लागले, कारण ज्याची तिथी माहीत नाही त्याला तोच एक दिवस. मी लहानपणी ते पान पाहायची आणि वाटायचं, ह्या आजोबांना स्वतःचा दिवससुद्धा नाही.

त्यामुळे लेकीचा गृहपाठ शाळेत देऊन झाला तरी माझा संपला नाही. पुढचं सव्वा वर्ष मी त्यातच होते.

सुरुवात झाली ती कागदांपासून. लंडनच्या क्यू भागात ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तिथे आधी वाचकाचं ओळखपत्र काढावं लागतं, त्यासाठी दोन पुरावे लागतात, एक ओळखीचा आणि एक पत्त्याचा. पर्स, कोट, पेन, पाण्याची बाटली सगळं खाली कपाटात ठेवायचं. वर फक्त पेन्सिल, कोरे कागद आणि पारदर्शक पिशवी न्यायची. शाई चालत नाही. दारात पिशवी तपासतात, बाहेर पडताना कागदाची घडीन्घडी उलगडून पाहतात. मला ते फार आवडलं. आपल्या घराण्याचे कागद कुणी इतक्या निगुतीनं जपले असते तर, असं सारखं मनात येत होतं.

मला हव्या असलेल्या नोंदवहीचा क्रमांक एआयआर २७/२१२८. ६१७ स्क्वाड्रनची, म्हणजे बायर्सच्या विमान-तुकडीची, मोहिमांची वही. ती आता पडद्यावर पाहायला मिळते. प्रत्येक स्क्वाड्रन दोन प्रकारचे छापील नमुने भरत असे. ५४० क्रमांकाच्या नमुन्यात महिन्याभराची हकिकत आणि ५४१ मध्ये प्रत्येक उड्डाणाचा तपशील. कुठलं विमान, कोण कोण आत, किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं, काय केलं. १६ मे १९४३ च्या रात्रीचं पान माझ्यासमोर उघडलं तेव्हा मी आधी फक्त वेळांचे रकाने पाहिले. उडाल्याच्या वेळा सगळ्यांच्या आहेत, कारण त्या रात्री उडाली सगळीच. १९ लँकेस्टर, १३३ माणसं. उतरल्याच्या वेळा मात्र सगळ्यांच्या नाहीत. आठ विमानं परत आली नाहीत. ५३ माणसं मेली, तिघं कैद झाली.

बायर्सचं विमान रात्री साडेनऊला स्कॅम्प्टनहून उडालं. बरोबरच्या सहा जणांची नावं मी पेन्सिलीनं उतरवून घेतली. फ्लाइट इंजिनिअर टेलर. नॅव्हिगेटर वॉर्नर. वायरलेस सांभाळणारा विल्किन्सन. बॉम्ब सोडणारा व्हिटेकर. पुढचा तोफची जार्व्ही, मागचा तोफची मॅक्डॉवेल. मागच्या तोफचीची जागा विमानाच्या शेपटीत असते, बाकी सगळ्यांपासून दूर, एकट्याची. ह्या कागदावर सातही नावं एकाखाली एक आहेत. ते त्या वेळी मला साधंच वाटलं.

मोहीम होती जर्मनीतल्या रूर खोऱ्यातली आणि त्याच्या आसपासची धरणं फोडण्याची. त्यासाठी बार्न्स वॉलिस ह्या अभियंत्यानं पिंपासारखा, पाण्यावर टप्पे खात जाणारा बॉम्ब बनवला होता, चार टनांहून जड. तो पोटाखाली बसवण्यासाठी विमानाची रचना बदलली, पाठीवरचा तोफांचा घुमट काढून टाकला. धरणं भरलेली हवीत आणि चांदणं हवं, म्हणून मे महिना आणि वैशाखातली पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आलेली रात्र. रडारला दिसू नये म्हणून समुद्रावरून आणि जमिनीवरून सगळा प्रवास अगदी खालून करायचा होता, शंभर फुटांच्या आसपास. लिंकनच्या कथीड्रलचा मनोरा २७० फूट उंच आहे. तो रोज बघत असल्यामुळे शंभर फूट म्हणजे किती खाली, हे मला कळलं आणि पोटात गोळा आला.

बायर्सच्या गटातल्या पाच विमानांना सोर्प धरण दिलं होतं. ते मातीचं धरण, मध्ये काँक्रीटची भिंत. हा गट उत्तरेकडून, हॉलंडच्या व्लीलंड बेटावरून आत शिरणार होता. त्यातलं एक विमान निघतानाच बिघडलं, म्हणून तो वैमानिक दुसरं विमान घेऊन अर्ध्या तासानं उडाला. बाकी चारांपैकी एकाला व्लीलंडवर गोळा लागला, वायरलेस बंद पडला, ते परत फिरलं. एक इतकं खाली गेलं की पाण्यानं त्याचा बॉम्बच ओढून नेला, तेही परतलं. एक पुढे जर्मनीत हाल्डर्नजवळ विजेच्या तारांना धडकलं, त्यातले सातही गेले. आणि बायर्सचं विमान वाटेपासून थोडं दक्षिणेला सरकलं. व्लीलंडऐवजी ते टेसेल बेटावरून गेलं आणि तिथे तोफा जास्त होत्या. बेट ओलांडल्यावर आपण नेमके कुठे आहोत हे पाहायला ते वर चढलं असावं, सुमारे साडेचारशे फुटांपर्यंत. तिथे तोफेनं ते टिपलं. १० वाजून ५७ मिनिटांनी ते वाडनझेच्या उथळ समुद्रात पडलं. उड्डाणापासून सत्त्याऐंशी मिनिटं. सोर्पवर शेवटी मॅकार्थीचं एकच विमान पोचलं, ते उशिरा उडालेलं, आणि नंतर राखीव गटातलं आणखी एक. धरण टिकलं.

म्योन आणि एडर ही दोन धरणं मात्र त्या रात्री फुटली. खालच्या खोऱ्यात १,३०० हून जास्त माणसं बुडाली. नेहाइमजवळच्या छावणीत वेठीला धरून आणलेल्या परदेशी बायका होत्या, पुष्कळशा युक्रेनच्या, त्यांतल्या कित्येक जणी कोंडलेल्या अवस्थेत गेल्या. मी लेकीला हेही लिहायला लावलं. ती म्हणाली, मग माझ्या निबंधात नायक कोण? मी म्हटलं, तुला सात माणसं कुठे गेली ते शोधायचंय, तेवढं शोध. मला आजही वाटतं की मी बरोबर सांगितलं. मेलेल्याचा दिवस आणि जागा शोधणं हे त्याचा जयजयकार करण्यापेक्षा वेगळं काम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कॅम्प्टनमधून ५६ घरांना तारा गेल्या. हॅरी हम्फ्रीज ह्या स्क्वाड्रनच्या अॅडज्युटंटकडे, म्हणजे कागदोपत्री कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ते काम होतं. त्या काळी हवाई दलात बेपत्ता माणसाच्या खोलीतलं सामान लगेच गोळा करत, यादी करून बांधून ठेवत, कारण खाट दुसऱ्याला द्यायची असे. सहा महिने वाट पाहून काहीच कळलं नाही तर सरकारी कामापुरतं मृत मानत. सहा महिने! आमच्या भटजींनी बारा वर्षं सांगितली होती. थोरल्या आजीला तीही पुरली नाहीत.

युद्ध संपल्यावर हवाई दलाचं एक वेगळं पथकच बेपत्तांच्या शोधाला लागलं. सुमारे ४२,००० हवाई सैनिकांचा ठावठिकाणा लागत नव्हता. ह्या पथकातली माणसं युरोपभर गावोगाव फिरली. पाटलाला विचारावं तसं तिथल्या महापौराला, पाद्र्याला, कबर खणणाऱ्याला विचारत. बेवारस कबरी उघडून गणवेशाच्या कापडावरून, धोब्याच्या खुणेवरून, अंगठीवरून ओळख पटवत. मला त्या कामाचं फार मोठेपण वाटतं. पण समुद्रात पडलेल्यांचं ते तरी काय करणार? पाणी जे किनाऱ्याला आणून देईल तेवढंच.

ह्या सात जणांपैकी पाण्यानं एकच परत दिला. शेपटीत बसणारा मॅक्डॉवेल. २२ जून १९४३ ला, सदतीस दिवसांनी, व्लीस्ट्रोम नावाच्या समुद्रातल्या वाटेवर त्याचा देह सापडला आणि हार्लिंगेन गावाच्या दफनभूमीत पुरला. उरलेल्या सहा जणांची नावं आहेत रनीमीडला.

रनीमीडला आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. टेम्स नदीकाठच्या ज्या कुरणात १२१५ साली मॅग्ना कार्टा ह्या सनदेवर राजाची मोहर उठली, त्याच्यावरच्या कूपर्स हिल टेकडीवर हे स्मारक आहे. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथनं त्याचं उद्घाटन केलं. ज्यांना कबर नाही अशा २०,००० हून जास्त हवाई सैनिकांची नावं तिथल्या अंगणाभोवतीच्या ओवऱ्यांमध्ये, अरुंद खिडक्यांच्या दगडी बाजवांवर कोरली आहेत. दोन बाजवांमधून उजेड आत येतो आणि ती जागा उघड्या पोथीसारखी दिसते. सहा नावं काढायला आम्हाला दोन तास लागले. नावं वर्षानुसार, दलानुसार आणि हुद्द्यानुसार लावलेली आहेत. बायर्स कॅनडाच्या हवाई दलातला, म्हणून त्याचा दगड वेगळा. अधिकाऱ्यांचे दगड वेगळे, सार्जंटांचे वेगळे. एका विमानात खांद्याला खांदा लावून मेलेली माणसं दगडावर पांगली होती. कॅनविक हिलच्या भिंतींवर तर आडनावाप्रमाणे, बायर्स एकीकडे आणि व्हिटेकर पार दुसरीकडे. लेक कंटाळून पायरीवर बसली आणि म्हणाली, "हे सगळे एकत्र आहेत असं एक तरी ठिकाण आहे का?"

तेव्हा मला क्यूमधलं ते पान आठवलं. एकाखाली एक सात नावं.

त्याच ओवरीत नूर इनायत खान हिचं नाव आहे. हिंदुस्थानी सूफी गायकाची मुलगी, फ्रान्समध्ये गुप्त वायरलेस चालवताना पकडली गेली आणि डाखाउच्या छावणीत मारली गेली. लेकीनं ते नाव वाचल्यावर विचारलं, आपल्यातलं कुणी बॉम्बरमध्ये होतं का? होते. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. बॉम्बर कमांडमध्ये नॅव्हिगेटर होते, त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं, आणि ते ज्यातून उडाले त्यांपैकी एक लँकेस्टर आजही लंडनच्या हेंडन भागातल्या हवाई दलाच्या संग्रहालयात उभं आहे. आम्ही पुढच्याच महिन्यात ते पाहून आलो. नॅव्हिगेटरची जागा वैमानिकाच्या मागे, पडद्याआड, टेबलाएवढी. वॉर्नर अशाच एका टेबलाशी बसला असणार. बाहेर समुद्र आहे की बेट, हे तो पेन्सिल आणि घड्याळ घेऊन शोधत असणार.

रनीमीडच्या मनोऱ्यावरून हीथ्रो विमानतळ दिसतो. मिनिटामिनिटाला एक विमान खाली येत होतं. आठ वर्षांपूर्वी दोन बॅगा आणि कडेवरची लेक घेऊन मी त्याच धावपट्टीवर उतरले होते, तेव्हा ह्या टेकडीजवळून गेले असेन.

हार्लिंगेनला जायचं ठरवलं ते मे महिन्यात. अॅम्स्टरडॅमहून आगगाडीनं लेवार्डन, तिथून छोट्या गाडीनं हार्लिंगेन. फ्रीसलंडमधलं बंदराचं गाव, विटांची घरं, कालवे. दफनभूमी गावातलीच, नेहमीची. तिच्या एका भागात युद्धातल्या कबरींचे पांढरे दगड आहेत. मॅक्डॉवेलच्या दगडावर कॅनडाचं मेपलचं पान आहे. मी घरून नेलेली पणती लावली, वाऱ्यानं ती तीनदा विझली. चौथ्यांदा लेकीनं दोन्ही हातांचा आडोसा धरला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आपल्या माणसाच्या कबरीवरची पानं वेचत होते. त्यांनी कॅनमधून पाणी आणून आमच्या दगडावरची धूळ धुतली, काही विचारलं नाही, मान लववून गेले.

खरं सांगायचं तर मी तिथे थांबले असते. आणखी पुढे जायचं लेकीनं ठरवलं. हार्लिंगेनहून व्लीलंडला बोट जाते, दीड तासाची, आणि ती व्लीस्ट्रोमच्या वाटेनंच जाते. वाडनझे हा विचित्र समुद्र आहे. ओहोटीला मैलोन्मैल चिखल उघडा पडतो, त्यावर पक्षी चरतात, सील लोळतात, आणि भरतीला पुन्हा सगळं राखाडी पाण्याखाली. त्यामुळे बोटीला सरळ जाता येत नाही, बोयांच्या रांगेतून वळणं घेत खोल पाण्याची वाट धरावी लागते. मी डेकवर उभी राहून दक्षिणेकडे बघत होते, टेसेलच्या दिशेनं. पाणी कुठे किती खोल ते पाहून कळत नव्हतं.

लेकीनं वही काढली आणि नावं मोठ्यानं वाचली. उतरवून घेतलेल्या क्रमानंच. वाऱ्यामुळे मला अर्धीच ऐकू आली. मग ती म्हणाली, "हे सातही जण एकत्र शेवटचे इथेच होते ना?" मी हो म्हटलं. आम्ही घरची मूठभर शेवंतीची फुलं आणली होती, ती तिनं पाण्यात सोडली. मागे फेसाचा पट्टा होता, त्यात ती लगेच दिसेनाशी झाली.

बोटीतच, परत येताना, मी ते केलं जे सव्वा वर्ष टाळलं होतं. ज्या संकेतस्थळावर मॅक्डॉवेलची कबर सापडली, राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या, तिथेच मराठा पलटणीची नावंही आहेत हे मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या माणसांना शोधणं सोपं होतं. तिथे काही हाती लागलं नाही तरी आपलं काही जाणार नव्हतं.

आडनाव तीन प्रकारे लिहून पाहिलं. तिसऱ्यांदा सापडलं. इटलीतलं कासिनो स्मारक, ज्यांना कबर नाही त्यांचं. यशवंत घाडगे ह्यांचं नावही त्याच स्मारकावर आहे, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले माणगावचे. पलटणीचं नाव, शिपाई, गावाचं नाव इंग्रजीत असं लिहिलेलं की मला ते दोनदा मोठ्यानं वाचावं लागलं. खाली वडिलांचं नाव. आणि त्याखाली, अमुक हिचा पती. थोरल्या आजीचं नाव होतं ते. एक अक्षर चुकलेलं, पण तिचंच. इतकी वर्षं ती ह्या कागदावर सुवासिनीच होती.

मृत्यूची तारीखही होती. दिवस, महिना, १९४४.

बंदराला लागल्यावर साताऱ्याला फोन केला. बाबा जेवायला बसले होते. मी तारीख सांगितली. ते पानावरून उठले, पेन शोधलं, मला ती पुन्हा सांगायला लावली आणि लिहून घेतली. बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता.

मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तिथी कुठली होती, ते कळेल का गं?"